हिप्परग्याच्या भोरड्या

सुट्टीच्या दिवशी नायनांना स्कूटीवर मागं बसवलं
आणि तुळजापूर रस्ता धरला.
कुठं, असं त्यांनी दोनदा विचारलं.
मी दोनदा सांगितलं.
वाऱ्यानं नाही नेलं ते, त्यांच्या कानातच हरवलं.
एकोणचाळीस वर्षं आठ मागांच्या मधोमध
उभा राहिलेला माणूस.
आमच्या घरात मायासुद्धा ओरडूनच करावी लागते.

तलावाच्या बांधावर उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन एक बाई,
चार शेळ्या,
पाणी अगदी गप्प.
पावणेसहाला काहीच नव्हतं.
मग कारंब्याच्या बाजूला एक डाग दिसला.
मला वाटलं, वीटभट्टीचा धूर.
धूर वळला.

भोरड्या!
दिवसभर लोकांचा जोंधळा खाऊन,
पत्र्याचे डबे आणि शिव्या ऐकून,
कुठल्या कुठल्या बर्फाच्या मुलखातून
आमच्या या कोरड्या, कुसळाच्या गावाला
हिवाळा काढायला आलेल्या.
एक थवा, त्याला येऊन मिळाला दुसरा,
मग मोजणं सुटलं.

मी जेकार्डची कार्डं पंच करते.
मोर, कमळ, वाघाचं तोंड,
सगळं आधी चौकटीच्या कागदावर, मग पुठ्ठ्यावर भोकं.
भोक असेल तिथं दोरा उचलायचा,
नसेल तिथं खाली राहायचं.
एक भोक चुकलं की मोर आंधळा.
(एकदा चुकलंय. साठ आंधळे मोर लातूरला गेले.
एकही परत आला नाही.)

म्हणून मी वर बघत कार्ड शोधत होते.
कुठून सुरू होतंय, कुठं रिपीट येतंय,
कोण उचलतंय हे हजारो दोरे एका वेळी
आणि खाली कोण सोडतंय.
काळं दाट झालं, लांबलं,
मधेच विरळ होऊन आरपार दिसलं,
पुन्हा घडी पडली.
मान अवघडली,
रिपीट काही सापडला नाही.

आणि पश्चिमेकडून ससाणा सरळ आत घुसला.
कापडाला हातभर भोक.
माझा श्वास अडकला, कारण आमच्याकडं
साधा एक दोरा तुटला तरी माग थांबतो.
इथं काही थांबलं नाही.
भोक मोठं झालं, बाजूला सरकलं,
कडा एकमेकींकडं धावल्या,
आणि ससाणा रिकामा बाहेर पडला.
मी नायनांकडं पाहिलं.
त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता,
तुटलेला दोरा जोडताना फिरतो तसा, भरभर.
त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

"चूडु," म्हणाले. "चूडु, चूडु."
मी बघतच होते की.

मग थवा डोक्यावरून गेला.
नायना म्हणाले, "आवाज येतो का गं यांचा?"
येत होता.
काय सांगू? पंखांचा म्हणू?
पंखांचा आवाज कसा असतो ते त्यांना कुठून आठवणार?
त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले,
"लाइट गेल्यावर!
सगळे माग एकदम बंद पडतात ना,
तेव्हा शेडमध्ये जो येतो, तो!"

ते थांबले.
मग मान हलली, हळूहळू,
एखाद्या जुन्या माणसाची ओळख पटावी तशी.
तो आवाज त्यांनी ऐकलेला होता.
तेवढाच एक नीट ऐकलेला होता.

काठावरच्या वेड्या बाभळींत
सगळं आभाळ ओतल्यासारखं उतरलं.
झाडं क्षणभर वाकली आणि नुसता कलकलाट.
वर काही नाही.
शेंगावाली म्हणाली, आज कमीच होत्या, उद्या या.
हे ती रोज म्हणत असणार.

स्कूटीच्या सीटवर पांढरे शिंतोडे पडले होते,
माझ्या ओढणीवर दोन,
नायनांच्या टोपीवर एक, ठसठशीत.
मी पुसायला गेले तर त्यांनी हात धरला.
"राहू दे," म्हणाले, मोठ्यानं,
सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं,
"डिझाईन आहे."