लांडग्याचा खिसा

लिएपायात नोव्हेंबरमध्ये चारलाच दिवा लावावा लागतो.
शाळेच्या तळघरात, बॉयलरला पाठ टेकून
मी मुलांची मापं घेते.
छाती, कंबर, उंची, आणि डोक्याचा घेर,
कारण मुकुट नेहमी मोठे होतात
आणि राजे आंधळे.

राणीचा झगा बंद पडलेल्या मासळी-कारखान्याच्या
सभागृहातल्या पडद्यातून बेतला.
तीनदा धुतला, समुद्राच्या वाऱ्यावर टांगला,
तरी धुरी दिलेल्या माशांचा वास हटेना.
साळिंदरांनी नाकं मुरडली.
शेवटी स्कायद्रीतेबाईंनी गोष्टच बदलली:
राणी आता समुद्राची लेक.
पंधरा वर्षांत माझ्या कापडापुढं
त्या पहिल्यांदाच नमल्या.

साळिंदरांचे काटे नमद्याचे, मऊ.
टोकदार जमले असते,
पण गुंदेगा दिसेल त्याला मिठी मारते.

लांडगा अन्सिस.
सात वर्षांचा. बाप मालवाहू जहाजावर,
रोटरडॅमच्या पलीकडं कुठंतरी.
करड्या घोंगडीचा अंगरखा चढवून
आरशासमोर उभा राहिला, म्हणाला,
"याला खिसा हवा."
लांडग्याला खिसा कशाला रे?
"ठेवायला."
काय, ते सांगेना.
माझ्या तोंडात टाचण्या; वाद घालायची सोय नव्हती.
लावला. आतून, शेपटीजवळ.

आणि खाली चार बोटं माया सोडली.
नोव्हेंबरातलं मूल जानेवारीत तेच नसतं;
कापड वाचवायला जावं
तर तिसऱ्या प्रयोगाला लांडग्याच्या पोटऱ्या दिसतात.

प्रयोगात, शेवटच्या अंकात, तो असा गुरगुरला
की पुढच्या रांगेतलं तान्हं दचकून रडलं.
फक्त प्रत्येक 'स' शिट्टीसारखा निसटत होता.
मी विंगेत, सुई कॉलरला टोचलेली,
कुठं काय उसवलंय ते बघत होते.

रात्री कपडे झटकले.
खिशात आल्याचं अर्धं बिस्कीट,
आणि माझ्याच टोपलीतल्या चिंधीत गुंडाळलेला
दुधाचा दात.

दुसऱ्या दिवशी आला. दाताचं नाव काढलं नाही.
"पुढच्या वर्षी लांडगा केवढा असेल?"
मी अंगरख्याची कड उलटी केली,
आतली न विटलेली पट्टी दाखवली.
त्यानं बोटं ठेवून मोजली.
माझी चार.
त्याची सहा भरली.