खांदेपालट

कागद चौकोनी आहे. माणसं नाहीत.
दर शनिवारी इथूनच सुरुवात करते मी,
वॉल्विस बेचं धुकं खिडकीबाहेर ठेवून,
पेन्सिल, खोडरबर आणि विसरलेला चहा घेऊन.

हेकची गोठलेली पेटी वीस किलोची.
पॅलेटवर एका पाळीत एकाच्या वाट्याला
नऊशे चाळीस पेट्या. मी उभी राहून मोजल्यात.
गुणाकार केला
आणि परत केला,
जवळजवळ एकोणीस टन,
दोन हातांतून, एका कमरेवरून,
जेवायच्या सुट्टीसकट.

पहिला तक्ता मार्चमध्ये केला होता.
रंगीत, सुबक. दर दोन तासांनी बदल:
पॅलेटवरून ट्रे धुवायला,
ट्रे धुऊन फ्रीझरमध्ये.
साहेबांनी तो काचेत लावला.
क्रिस्टोफिना वाचून म्हणाली,
'मेमे, पेटी ठेवायची आणि ट्रे उचलायचा.
हातांना कळलं काम बदललं ते.
कमरेला कुणी सांगितलंच नाही.'

म्हणून सोमवारी मीच गमबूट चढवले.
ओले ट्रे, एकावर एक दहा,
गुडघ्यापासून उचलून डोक्याच्या उंचीवर,
आणि वरच्यातलं पाणी बाहीतून थेट काखेत.
तक्त्यात याला मी 'हलकं' म्हटलं होतं,
हिरव्या रंगात.
रात्री डाळीचा चमचा तोंडापर्यंत नेताना
मनगट थरथरलं. मुलगी हसली.
मीही हसले, पण चमचा खाली ठेवून.

ताते नांगोलो मात्र जागचा हलेना.
तेवीस वर्षं तो फ्रीझरमध्ये आहे.
'थंडीचा भत्ता आहे तिथे,' म्हणाला,
'तुझ्या तक्त्यात मी दोन तास तराजूपाशी बसणार,
त्या दोन तासांचे पैसे कोण देणार?
पाठ वाचवायची तर वाचव,
पण माझ्याच खिशातून नको.'
याला माझ्याकडे रंग नव्हता.

मग त्याचा भाऊ गेला.
कुइसेबमुंडच्या कब्रस्तानात रस्ता संपतो, वाळू लागते,
पाय घोट्यापर्यंत रुततात.
शवपेटी सहा खांद्यांवर.
कुणी शिट्टी वाजवली नाही, घड्याळ बघितलं नाही,
पण वळणावर डावीकडचे उजवीकडे आले,
मागून एकाने खांदा पुढे केला,
ज्याचा सुटला तो नुसता चालत राहिला
हात मोकळे सोडून, श्वास घेत,
आणि थोड्या वेळाने पुन्हा आत शिरला.
पेटी तसूभरही कलली नाही.
मी काळ्या टोपीखाली उभी राहून
मिनिटं मोजत होते. लाज वाटली.
तरी मोजत राहिले.

एप्रिलचा तक्ता वाकडातिकडा आहे.
दोन तासांऐवजी पाऊण तास.
वाकण्यानंतर बसणं, उचलण्यानंतर बघणं,
जडापाठोपाठ जड कधीच नाही.
भत्ता सगळ्यांत वाटून, कुणाचाही न कापता.
त्यासाठी चार बैठका झाल्या,
चौथीत नांगोलो माझ्या बाजूला बसला.

राहिला ख्वाएसेब.
मणक्यातली गादी सरकल्यापासून
लेबलांची खुर्ची त्याची, दिवसभर.
त्याला फिरवावं तर तो मोडेल,
न फिरवावं तर बाकीच्यांची
बसायची एक जागा कायमची जाते.
त्या चौकोनात मी इतकं खोडलं
की कागद विरला.
तोच आला शेवटी, पट्टा आवळत,
'दार दे मला फ्रीझरचं. उघडायचं, लावायचं.
गेलेल्यांची वेळ बघायची,
उशीर झाला की ओरडायचं.
ओरडायला कंबर लागत नाही.'

आता जूनचा करते आहे.
दवाखान्याच्या वहीत या महिन्यात दोन नावं,
गेल्या वर्षी याच महिन्यात सात.
पण पेट्या तितक्याच आहेत.
एकोणीस टन मी फक्त वाटले,
उतरवले नाहीत.
गुरुवारचा तिसरा रकाना भरतच नाही,
तिथे कुठलंही नाव लिहिलं तरी जास्त होतं.
माणूस नकोच तिथे. वरखाली होणारं टेबल हवं,
मी त्याची किंमतही विचारून आले आहे.
तोवर त्या चौकोनात पेन्सिलीने
चार चाकं काढून ठेवली आहेत,
जरा मोठीच,
काचेतूनही दिसतील अशी.