हडळीचं पाय

सिनेमाचं नाव उंदरांनी खाल्लं.
पोस्टरवर उरलंय फक्त '—ची रात्र'.
कशाची, ते संग्रामच्या आजोबांना ठाऊक होतं,
पण ते स्टुडिओत दिवे धरायचे
आणि अंधारातल्या गोष्टी घरी सांगायचे नाहीत.

तर त्या '—ची रात्र'च्या नावानं
राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही भुताचं जेवण घातलं.
पडद्याला चादर. ट्यूबला लाल जिलेटिन.
पातेल्या-पातेल्यांना मी चिठ्ठ्या डकवल्या:
पांढऱ्या रश्श्यावर 'धुकं',
तांबड्यावर 'तिचं शेवटचं बाळंतपण',
उकडलेल्या अंड्यांवर 'आम्ही बघतोय'.
रक्तीचं नाव तेवढं बदलावं लागलं नाही.
आमच्या गावात काही गोष्टी आधीच तयार असतात.

शौकत बागवान मुंजा होऊन आला, शेंडी भाड्याची.
तृप्तीनं केस मोकळे सोडले आणि धुक्यात बुडवले.
चौगुले डॉक्टर रोजच्याच शर्टात,
म्हणाले, मला बघून लोक तसेही घाबरतात.

आणि मंगळवार पेठेतून रिक्षानं
मैनाक्का.
ब्याऐंशी वर्षं, नऊवारी, वायरची पिशवी.
संग्राम दारातच ओरडला, आली, सिनेमातली हडळ आली!
ती जिन्यात धापा टाकत,
"हडळ न्हवं रं.
हडळीचं पाय."

सिनेमा सुरू झाला तेव्हा ती जेवत होती.
विहीर, कंदील, कुत्रं.
मग चादरीवर दोन पावलं,
बोटं आमच्याकडे, आणि बाई लांब लांब चाललेली.
शौकतची शेंडी ताटात पडली.
मैनाक्का भाकरी मोडत म्हणाली,
"त्यो बघा, डाव्या टाचंला भेग. अजून हाय."

सतरा वर्षांची होती. निऱ्या मागं खोचायच्या
आणि विहिरीपर्यंत मागं मागं चालायचं.
"धा येळा पडलो. कॅमेरा म्हनायचा, पुन्ना."
तृप्तीनं विचारलं, मग तोंड का नाही दिसत?
"तोंडाचं पैसं दुसरीला हुतं."
पायांचे सव्वा दोन रुपये रोज.

मी तांबडा वाढायला गेले तर तिनं चिठ्ठी वाचली,
करंगळी बुडवली, चाखली.
"असलं न्हवतं रगात. गोड हुतं."
काकवी. गुऱ्हाळावरनं डबा यायचा,
काळ्या-पांढऱ्यात कोण रंग बघतंय.
माश्या बसायच्या मेलेल्यावर
आणि मेलेला नाक उडवायचा.
"रातच्याला उरलेलं रगात मी घरला न्यायचो.
धाकटी चार भावंडं. भाकरीशी खायची.
एकदा शूटिंग आठ दिस बंद पडलं
तर बारका रडाय लागला, अक्का,
आज कोन मेलं न्हाई का?"

कुणी हसलं. मग कुणी हसलं नाही.
चादरीवर पंख्याच्या वाऱ्यानं विहीर हलत होती.
'आम्ही बघतोय'मधलं शेवटचं अंडं
चौगुले डॉक्टरांनी गुपचूप तिच्या ताटात ठेवलं.

पिशवीतून तिनं डबा काढला:
"माझ्याकडनं." काकवी, यंदाची.
आम्ही सगळ्यांनी बोटानं खाल्ली.
लाल ट्यूबखाली ती खरंच तशी दिसत होती.

साडेदहाला निघाली. हात धरू का, मी म्हटलं.
"नको. गुडघं. जिना सरळ उतरवत न्हाई आता."
वळली. कठडा धरला,
आणि पाठीनं उतरू लागली,
एकेक पायरी टाचेनं चाचपत.
बोटं आमच्याकडे, बाई लांब लांब चाललेली.
फक्त या वेळी
वरचा भागही होता.
आम्ही दारात दाटीवाटीनं उभे,
आणि जिन्याच्या पिवळ्या बल्बखाली तो चेहरा
खाली खाली जाताना आमच्याकडेच बघत होता,
वळणावर थांबला,
म्हणाला,
"रक्तीत मीठ कमी हुतं गं."