जगत्तुंग समुद्र, खोली नंबर दोन

कंधारला समुद्र आहे,
हे मी तिला लग्नाच्या आठव्या दिवशी सांगितलं होतं
आणि मग एकतीस वर्षं सरकारी साखळीनं
दुसऱ्यांचे बांध मोजत फिरलो.

आज आलो.
दोन पिशव्या, एक थर्मास,
गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली.

डाकबंगला निजामाच्या काळातला.
भिंती इतक्या जाड की आत शिरलं
की ऊन चपला काढून बाहेरच थांबतं.
छताला पंख्याची कडी आहे, पंखा नाही.
दोरी जायची ते भोक भिंतीत तसंच,
त्यात चिमणीनं बिऱ्हाड केलंय.

खानसामा मुनीरोद्दीन.
त्याच्या बापाच्या हातची मरळ
मी पंच्याऐंशी साली खाल्ली होती.
"अब्बा बोलते थे, मोजणीवाले साब
चाय पीते पीते भी खंबे गिनते."
कुमुदिनी खळखळून हसली.
खांब अकरा आहेत. मी बोललो नाही.

मग रजिस्टर आलं, लाल कापडी पुठ्ठ्याचं.
नाव. गाव. येण्याचं कारण.
मागच्या पिवळ्या पानांवर मीच होतो:
मोजणी. मोजणी. फेरमोजणी.
पेन धरून नुसता बसलो.
तिनं ते हातातून काढून घेतलं
आणि चौथी पास अक्षरात, रेघ सोडून थोडं वर, लिहिलं:
समुद्र बघायला.

दुपारभर व्हरांड्यात.
लांब हातांची सागवानी खुर्ची,
साहेब लोक जिच्यावर बूट टेकवायचे.
तिनं आधी इकडंतिकडं बघितलं,
मग जोडव्यांसकट दोन्ही पाय वर घेतले.
"कुणी बघंल," मी म्हणालो.
"बघू द्या की."

मी समजावून सांगितलं, हा तलाव आहे.
कुण्या राजानं बांधला, जुन्या दगडावर
समुद्र म्हणून कोरलंय म्हणतात.
कोरणाऱ्यानं कोकण बघितलं नसणार.
"दगड कशाला खोटं बोलंल?"
एवढं म्हणून ती पायऱ्या उतरली,
ओंजळभर पाणी घेतलं,
जिभेला लावलं, डोळे बारीक केले.
"गोड हाय."
मला वाटलं, आता हिरमुसेल.
"बरंच झालं," म्हणाली,
"ज्याच्या काठाला बसायचं
त्याचं घोटभर पिता तरी आलं पाहिजे."

रात्री लाईट गेली. येसरची आमटी, भाकरी,
शेंगांची चटणी, कंदिलाच्या उजेडात
कांदा फोडल्याचा आवाजसुद्धा मोठा.
थर्माकोलच्या तराफ्यावर एक पोरगा
जाळं सोडत अंधारात सरकत होता,
मधूनच बिडी पेटायची, विझायची.
पलीकडं दर्ग्याचा हिरवा दिवा
पाण्यात लांबच लांब पडला होता.
मी सवयीनं लाटा मोजायला घेतल्या.
त्रेचाळीसला कुठंतरी बेडूक ओरडला
आणि आकडा सुटला.
पुन्हा एकपासून सुरू करावं
असं वाटलं नाही.

दोन दिवसांसाठी आलो होतो, आज चौथा.
लेकाचा फोन आला: आजारी आहात का?
नाही रे, म्हटलं.
मग काय करूलालाव तिकडं?
खरं सांगायचं तर
शब्द सापडेना. "बसलोय," म्हणालो.
तो बराच वेळ गप्प होता.

सकाळचे सव्वाआठ. ती अजून झोपलेली.
ज्या बाईनं उभ्या जन्मात
पाचाच्या पुढचं झोपेतून पाहिलं नाही,
तिचं तोंड जरासं उघडं,
हात खाटेबाहेर, बांगड्या मनगटाशी येऊन थांबलेल्या.
मुनीरोद्दीन चहा घेऊन आला, दारातच अडखळला.
मी बोटानं खूण केली, राहू दे.
त्यानं कपावर बशी पालथी घातली
आणि अनवाणी मागं फिरला.

चहावर साय धरली.
समोर टिबुकली बुडी मारते.
आता ती कुठं वर येईल
याचा मी अंदाज बांधतो.
दर वेळी चुकतो.