पाटी तीच

गेल्या वर्षी साठांतले चौतीस नापास.
निकालाचा कागद चार घड्या घालून मी हेल्मेटमध्ये खोचला
आणि साखळीहून डिचोलीपर्यंत
डोक्यावरून वाहून नेला.

स्टाफरूममध्ये जुनंच वाक्य फिरत होतं :
काहींना जमतं, काहींना नाही.
मीही म्हणत असे. सोयीचं आहे.
त्यात शिकवणारा कुठे सापडतच नाही.

फक्त इझाबेल मिसनी चहात पाव बुडवता बुडवता विचारलं,
"कितव्या तासाला मुलं गप्प झाली?"

ठाऊक होतं मला. तिसऱ्या.
फळ्यावर एक्स = एक्स + १.
मागून सुलक्षा माजिक म्हणाली होती,
"सर, ही तर फट!"
वर्ग हसला. मीही.
पुढे कळेल, म्हणालो, आणि पुढे गेलो.
ती आली नाही.

जूनमध्ये ती पुन्हा समोर, रिपीटरांच्या बाकावर.
म्हटलं, तू तेव्हा खरं बोललीस.
गणितात ही फटच. मग इथे काय आहे?

बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.

"खाण चालू होती तेव्हा," ती म्हणाली,
"बाबा गेटवर ट्रक मोजायचे.
ट्रक गेला की सात पुसायचे, आठ लिहायचे.
पाटी तीच, सर."

यंदा पहिले दोन आठवडे लॅबला कुलूप.
बाजारातून तीस पाट्या आणल्या, दोघांत एक.
एक जण ओळ वाचतो, दुसरा पुसतो, लिहितो.
मशीनवर गेल्यावरही आधी बोलायचं, काय येईल ते,
मगच बटण.
लाल अक्षरांत ते ओरडलं
तर ओरडणं मोठ्याने वाचायचं, शेवटची ओळ आधी.
अभ्यासक्रम दोन प्रकरणं मागे आहे.
विद्यापीठाला काय लिहायचं, अजून ठरत नाही.

बुधवारी सुलक्षानं घरची पाटी आणली.
चौकटीच्या फटीत अजून तांबडी धूळ,
मधोमध एक्केचाळीस.
"जोवर ट्रक येतो, तोवर एक वाढवायचा,"
ती नव्या मुलांना सांगत होती.
"आणि आलाच नाही तर?" पर्येच्या एका पोरानं विचारलं.
"तर थांबायचं. आकडा राहतो."
पुसायला कुणी हात लावला नाही.

नऊ जण अजून अडकलेत.
नावं पाठ आहेत माझी.
उद्याचा तास त्यांच्या बाकापासून.