चौदावी चुणी

कुताइसीत, स्टेशनामागच्या खानावळीत
नातेला खिंकाली वळते.
एकेका पारीला एकोणीस चुण्या;
हल्ली चौदावीलाच अंगठा कळवळतो.

डॉक्टर म्हणाली, अंगठा आत घालून मूठ मिटा,
आता मनगट करंगळीकडे वाकवा.
कळ थेट कोपरापर्यंत.
"कणीक मळून झालं असेल."
नातेलानं मान डोलावली.
झाकली मूठ.

रात्री दोन वाजेस्तोवर ती
त्याच अंगठ्यानं वर सारत असते
ग्दान्स्कमधल्या परक्यांचे फोटो,
मागे कुठे, गर्दीत, बादरी दिसतो का.

आता पट्टा. फोन डाव्या हातात.
डावा अंगठा अडाणी,
भलभलत्या चेहऱ्यांना बदाम वाटत सुटतो.

परवा एक नेमका बादरीलाच गेला.
तीन वर्षांनी लेकानं उत्तरात
अंगठा दाखवला.