आम्ही की आपण

ओक्पोच्या चढावर आमचं घर.
खाली गोदीतली नारिंगी क्रेन,
धुक्याच्या दिवशी नुसती मान वर काढून उभी.
उदयन सहाला हेल्मेट काखेत मारून निघतो,
मी कचरा निवडते :
बाटली वेगळी, तिच्यावरचा कागद वेगळा,
अंड्याची टरफलं ओल्यात चालत नाहीत.
हे मी तीनदा चुकले.
तिसऱ्यांदा घरमालकीणबाईंनी पिशवी परत दारात आणून ठेवली,
वर एक नाशपती.

"पाम मुन्ना?" त्या रोज जिन्यात विचारतात.
पंधरा दिवस मला वाटत होतं
कुणा मुन्नाची चौकशी चाललीय.
मग कळलं, जेवलीस का.
एवढंच.

संध्याकाळच्या वर्गात शिक्षिकेनं फळ्यावर लिहिलं : उरी.
म्हणजे आम्ही, म्हणजे आपण,
आमचं, आपलं, सगळं त्यातच.
इथे बायका माझा नवरा म्हणत नाहीत,
उरी नवरा म्हणतात.
व्हिएतनामची थूय तोंडावर हात ठेवून हसली,
दिलनोझानं कपाळाला लावला.
मी विचारलं, पण कुठलं?
ऐकणारा त्यात धरलाय, की उंबऱ्याबाहेर ठेवलाय?
शिक्षिका थांबली. म्हणाली,
हे आजवर कुणी विचारलं नाही.
मी वहीत आपल्या लिपीत लिहिलं, उरी,
आणि तो शब्द नेमका छातीत जाऊन बसला.

सुट्टी मिळाली की आम्ही बस धरतो.
हेनामला जमिनीचं टोक आहे,
गावाचं नावच तसं, भूमी संपते तिथलं.
साडेचार तास, दोन बदल्या,
मांडीवर उकडलेली रताळी.
टोकावर पोचून आम्ही भांडलो :
करार वाढवायचा की नाही.
पुढे जायला जमीन नव्हती
म्हणून तिथेच बसलो, पाठीला पाठ लावून.
एका आजोबांना फोटो काढायला सांगितला,
त्यांनी समुद्र छान काढला,
आमची डोकी कापून.

मार्चमध्ये उदयन नव्या जहाजाच्या चाचणीवर गेला, तीन आठवडे.
मला आगूजिम खावासा वाटला,
जाड मोडांच्या ढिगात लपलेला तिखटजाळ मासा.
दुकानदारीण म्हणाली, एका माणसाला देत नाही, निदान दोघं लागतात.
मी चपला शोधत होते
तेवढ्यात घरमालकीणबाई आत शिरल्या,
कोपरानं मला खाली बसवलं
आणि म्हणाल्या, "उरी. दोन."

त्या दिवशी त्यांचं नाव कळलं, मालसुन.
माल म्हणजे शेवट.
चौथी मुलगी झाली तेव्हा बापानं नावातच सांगितलं,
आता पुरे.
नकोशी हा शब्द सांगायला माझं कोरियन पुरेना,
मी नुसतं म्हटलं, "उरी-दो."
आमच्यातही.
त्यांनी काटा ताटलीच्या कडेला ठेवला.
"मग भाऊ झाला?" मी विचारलं.
"दोन," त्या म्हणाल्या. "दोघंही गेले. मी आहे."
आणि माशाचा गालाकडचा तुकडा माझ्या भातावर ठेवला.

काल गच्चीत त्या शेजारणीला सांगत होत्या,
"उरी वेगुगिन."
तेवढे दोन शब्द मला नीट कळले :
उरी परदेशी.
हे आम्हीच. मिरच्या वाळत घातलेल्या चटईपलीकडे
ओली चादर हातात धरून मी उभी.

रात्री उदयनला विचारलं,
तू याचं मराठी कसं करशील?
आमचे परदेशी? आपले परदेशी?
तो अर्धवट झोपेत म्हणाला,
"कोण आपण?"
आणि कुशीवर वळला.

खाली क्रेनचा लाल दिवा लागत होता, विझत होता.
करार अजून टेबलावरच आहे,
त्यावर नाशपती.